आई-बाबांकडे १८+ गेमची परवानगी मागायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: "मी १५ वर्षांचा आहे. माझे बहुतेक मित्र ग्रँड थेफ्ट ऑटो ५ खेळतात. आई-बाबांना विचारलं की 'तो मोठ्यांचा गेम आहे, नाही म्हणजे नाही' एवढंच उत्तर मिळतं. मी समजूतदार आहे, मार्क चांगले आहेत, गेम खेळून कुणाला मारत सुटणार नाही. त्यांना कसं पटवू?"

"कसं पटवू" इथेच गाडी अडते. गेली एकोणीस वर्षं मी किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्याबरोबर काम करते. मला समुपदेशक म्हणतात, पण निम्मा वेळ मी दुभाषाचंच काम करत असते. या विषयावर भांडून आलेली मुलं वकिलासारखी तयारी करून येतात. मुद्दे, प्रतिमुद्दे, वर्गात कोणाकोणाला परवानगी आहे त्याची यादी. आणि तू वकील झालास की आई-बाबा न्यायाधीश होतात. न्यायाधीश निकाल देतो, गप्पा मारत नाही.

एक मुलगा आठवतो. त्याने वडिलांसाठी बारा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलं होतं. हात आणि डोळ्यांचा ताळमेळ सुधारतो, निर्णय झटपट घेता येतात, इंग्रजी चांगलं होतं, सगळं त्यात होतं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यात रस्त्याने जाणाऱ्या माणसाला उगीचच मारता येतं का?" मुलगा म्हणाला, "तसं काही नाही हो बाबा, त्यात मिशन असतात." त्याच रात्री वडिलांनी त्या गेमचे व्हिडिओ पाहिले. गेमचा विषय तिथेच संपला. पण पुढे कित्येक महिने तो "क्लासला जातो" म्हणाला तरी वडील दोनदा विचारायचे. ते नुकसान गेम न मिळण्यापेक्षा मोठं होतं.

मी तुला सांगणार आहे ते नेमकं याच्या उलट आहे. त्या गेममधलं सगळ्यात वाईट जे काही आहे ते आई-बाबांना तुझ्या तोंडून कळू दे, आणि दुसऱ्या कुठूनही कळायच्या आत कळू दे.

पण त्याआधी त्यांना नक्की कशाची भीती वाटते ते शोधून काढ. "नाही म्हणजे नाही" ऐकायला एक वाटलं तरी त्याच्या पोटात बरीच वेगवेगळी कारणं असतात आणि पुष्कळदा आईचं कारण आणि बाबांचं कारण यांचा एकमेकांशी संबंधही नसतो. एकाच्या डोक्यात रक्तपात असतो. दुसऱ्याला त्यातली नग्नता आणि बायकांना दिलेली वागणूक खुपत असते, पण तो विषय मुलासमोर काढायचा संकोच असतो, म्हणून "हिंसा" हा सोयीचा शब्द वापरला जातो. कुणाला ऑनलाइन भेटणाऱ्या अनोळखी माणसांची धास्ती असते. कुणाला फक्त तू खोलीबाहेर येत नाहीस याचा राग असतो. आणि घरात धाकटं भावंड असेल तर खरा प्रश्न बहुतेक वेळा तुझा नसतोच, मागे उभं राहून बघणाऱ्या त्या आठ वर्षांच्या पोराचा असतो. तू हिंसेवर पुरावे गोळा करत बसशील आणि आईच्या मनात व्हॉइस चॅट असेल, तर तुझी सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून पहिल्या वेळी काही मागूच नकोस. फक्त विचार, "या गेममधलं नक्की काय तुम्हाला खटकतं?" आणि मग गप्प बस. खरंच गप्प. त्यांचं वाक्य संपायच्या आत "पण त्यात ना..." आलं की संपलं. त्या दिवशी उत्तर घेऊन उठायचं, वाद तिथे घालायचा नाही. मुलांना हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण परवानगी मागायला आलेला मुलगा काहीच न मागता उठून गेला हे आई-बाबांच्या लक्षात राहतं.

वेळ कोणती, यावर फार लिहीत नाही. कामावरून दमून आल्या आल्या नको, पाहुण्यांसमोर नको, निकालाच्या दिवशी तर नकोच. चांगला निकाल असला तरी नको, कारण मग परवानगी हे बक्षीस होतं आणि पुढच्या परीक्षेला काढून घेता येतं. आणि दोघांशी एकदम बोल. आईने नाही म्हटलं की बाबांकडे जायचं ही युक्ती जगात तू पहिल्यांदा शोधलेली नाहीस. त्यांनीही लहानपणी ती केलेली आहे, म्हणून ती त्यांना लांबूनच ओळखू येते.

आता शिक्क्यांबद्दल. गेमवरचं १८ किंवा एम हे अक्षर म्हणजे काय, हे बहुतेक घरांत कुणालाच नीट माहीत नसतं. पालकांना नाही आणि मुलांनाही नाही. १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेमवरून सुनावण्या झाल्या. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काहीतरी करावं म्हणून गेम उद्योगाने १९९४ मध्ये गेमना वयाचे शिक्के देणारी ईएसआरबी ही संस्था उभी केली. तिच्या पद्धतीत ई म्हणजे सगळ्यांसाठी, ई १०+ म्हणजे दहाच्या पुढे, टी म्हणजे १३ च्या पुढे, एम म्हणजे १७ च्या पुढे आणि एओ म्हणजे फक्त १८ पूर्ण झालेल्यांसाठी. युरोपात २००३ पासून पेगी ही तशीच पद्धत आहे. तिचे शिक्के ३, ७, १२, १६ आणि १८ असे थेट आकड्यांत असतात. दोन्हीकडे हे आकडे गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत, त्यात काय दाखवलं आहे ते सांगतात. बुद्धिबळाचा गेम तीन वर्षांच्या मुलाला खेळता येत नाही, तरी त्यावर ३ लिहिलेलं असू शकतं.

आकड्यापेक्षा कामाची गोष्ट शेजारी बारीक अक्षरांत असते. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ ला ईएसआरबीने एम दिला आहे आणि कारणं लिहिली आहेत: रक्त आणि छिन्नविच्छिन्न शरीरं, तीव्र हिंसा, नग्नता, ठळक लैंगिक दृश्यं, शिवराळ भाषा, अमली पदार्थ आणि दारूचा वापर, प्रौढ विनोद. पेगीने १८ दिलं आहे. आता असाच १८ चा शिक्का असलेला दुसरा एखादा गेम घे. तिथे कदाचित फक्त हिंसाच असेल. शिक्का एक, आत माल वेगळा. "१८+ गेम" असा एक गठ्ठा नसतो, म्हणून आई-बाबांशीही गठ्ठ्याने बोलू नकोस, एका ठरावीक गेमबद्दल बोल. ईएसआरबीच्या संकेतस्थळावर पुष्कळशा गेमचा परिच्छेदभर गोषवारा असतो, त्यात कुठल्या प्रसंगात काय दिसतं ते कोरड्या भाषेत लिहिलेलं असतं. तो गोषवारा आई-बाबांना तू स्वतः वाचून दाखव. गाळून नाही, सगळा.

दोन पद्धतींची मतं नेहमी जुळतात असंही नाही. 'हेलो इन्फिनिट' ईएसआरबीच्या मते १३+ आहे, पेगीच्या मते १६. म्हणून आपल्या सोयीचा शिक्का तेवढा दाखवायचा मोह होईल. दोन्ही दाखव. जो मुलगा स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा टेबलावर ठेवतो, त्याच्या उरलेल्या बोलण्याला वजन येतं.

शिक्का काय सांगत नाही तेही सांगायला हवं. ऑनलाइन खेळताना पलीकडचा माणूस तुझ्याशी काय बोलेल याचं मूल्यमापन कुणी केलेलं नसतं. ईएसआरबी तसं स्पष्ट लिहिते. शिवाय शिक्का कंपनीने जे दाखवलं त्यावर ठरतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' मध्ये लपवून ठेवलेला एक लैंगिक प्रसंग २००५ साली लोकांनी उघड केला, तेव्हा त्याचा एम काढून एओ करावा लागला. ही गोष्ट बाबांच्या वयाच्या माणसांना कधीकधी आठवत असते, आणि "त्या मालिकेचं नावच नको" या आग्रहाचं मूळ तिथेही असू शकतं.

आता मारामारी शिकण्याची भीती. इथे तुझ्याकडे पुरावा आहे, पण तो वापरताना जपून. २०१९ मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत शिक्क्यांवरून ठरवलं आणि मुलाच्या आक्रमक वागण्याबद्दल पालकांना विचारलं. दोन्हींत संबंध सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं की खऱ्याखुऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. मात्र ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी छोटासा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. यातलं पहिलं वाक्य सांगून दुसरं गिळलंस तर तू पुन्हा त्या बारा स्लाइड्सवाल्या मुलाच्या रांगेत. आणि एक गोष्ट माझ्याकडून: "गेममुळे मी कुणाला मारणार नाही" हे खरं असलं तरी "हा गेम मला या वयात योग्य आहे" हे त्यातून सिद्ध होत नाही. एखादं दृश्य बघून माणूस गुन्हेगार होत नाही, पण ते दृश्य महिनाभर डोळ्यांसमोरून हलत नाही, असं होतं. आई-बाबांना हेच म्हणायचं असतं. त्यांना ते अशा शब्दांत मांडता येत नाही इतकंच.

वेळेची भीती मात्र वेगळी आहे आणि तिचा १८ च्या शिक्क्याशी काही संबंध नाही. फुटबॉलच्या साध्या गेमवरही मुलं रात्र काढतात. "व्यसन" हा शब्द घरात सहज फेकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून लागू असलेली गेमिंग डिसऑर्डर म्हणजे खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारणपणे वर्षभर चाललेलं असणं. हे वाचून दाखवून "बघा, मला नाहीये" म्हणू नकोस. आई-बाबांचा मुद्दा वेळेचा असेल तर तो बोलून सुटत नाही. आत्ता जे गेम खेळतोस ते महिनाभर ठरलेल्या वेळेला बंद कर, कुणी हाक मारायच्या आत. एक बारीकसा खुलासा घरात जरूर कर: ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. तुझ्या गेमचा एक सामना किती मिनिटांचा असतो ते आईला सांगून ठेव. "दोन मिनिटं" म्हणून अर्धा तास लावणाऱ्या मुलापेक्षा "हा संपायला वीस मिनिटं लागतील, नंतरचा सुरू करत नाही" म्हणणारा मुलगा बरा. अर्धी भांडणं इथेच मिटलेली मी पाहिली आहेत.

आता तुला न आवडणारं. तुझ्या जागी मी असते तर ग्रँड थेफ्ट ऑटो ५ पहिला मागितला नसता, आणि तुझ्या आई-बाबांच्या जागी असते तर पंधराव्या वर्षी मीही नाहीच म्हटलं असतं. कारण रक्त नाही. त्यात एका माणसाचा छळ करण्याचा प्रसंग आहे आणि तो छळ खेळणाऱ्याने स्वतः हत्यार निवडून, बटणं दाबून करायचा असतो. दुसरं म्हणजे त्याची ऑनलाइन बाजू. मित्रांबरोबर खेळायचं म्हणजे तुला तीच हवी असणार. तिथे मोठी माणसं असतात, त्यांची भाषा असते आणि खऱ्या पैशांनी गेममधला पैसा विकत घेण्याची सोय असते. लिहिलेली कथा निदान सगळ्यांना सारखीच असते, ती आधी बघून ठरवता येते. अनोळखी माणसं आधी बघता येत नाहीत.

पहिला मागायचा गेम एक पायरी वरचा असावा, चार पायऱ्या नव्हे. आत्ता १२ चे खेळत असशील तर १६ चा माग. काही गेममध्ये रक्त आणि शिव्या बंद करायची सोय असते. 'कॉल ऑफ ड्यूटी' मध्ये असे पर्याय असतात. त्याच मालिकेतल्या २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये विमानतळावर सामान्य लोकांची कत्तल होण्याचा एक भाग आहे आणि असलं दृश्य नको असेल तर तो गेम ते वगळण्याची मुभा आधीच विचारून देतो. अशी बटणं कुठे आहेत ते शोध आणि दाखव. मात्र रक्त बंद केलं म्हणजे कथा बदलली असं नाही, हेही तूच सांग.

हे सगळं एका मुलीने केलेलं मी पाहिलं आहे. तिला 'द लास्ट ऑफ अस' हवा होता. पेगी १८, ईएसआरबी एम. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, यात सुरुवातीलाच एक लहान मुलगी तिच्या वडिलांच्या हातात मरते. ते बघवत नाही. पुढे माणसं माणसांना फार वाईट मारतात. मला तरी खेळायचाय, कारण गोष्ट त्या वडिलांची आहे. आधी आपण दोघं सुरुवात बघू, मग तुम्ही ठरवा." दोघांनी अर्धा तास बघितलं. वडील मधेच उठून पाणी प्यायला गेले, असं तिने मला नंतर सांगितलं. त्यांनी परवानगी दिली, फक्त दिवाणखान्यात खेळायचं आणि धाकटा भाऊ झोपल्यावर, या अटीवर. परवानगी दिली नसती तरी मी हा प्रसंग सांगितला असता. कारण त्यानंतर त्या घरात गेम हा शब्द निघाल्यावर आवाज चढत नव्हता.

बघायचं असेल तेव्हा जाहिरातीचा ट्रेलर लावू नकोस, तो फसवा असतो, दोन्ही बाजूंनी. कुणी मध्ये न बोलता नुसतं खेळतानाचं सलग चित्रण शोध. वीस मिनिटं पुरे. त्यातली पाच मिनिटं सगळ्यात वाईट प्रसंगाची असू देत, ती तू निवडलेली. बघून झाल्यावर "काय वाटलं?" विचार आणि पहिल्यांदा विचारल्यावर बसला होतास तसाच पुन्हा गप्प बस.

बोलायला शब्द सुचत नसतील तर साधारण असं: "मला हा गेम खेळायचाय. यात हे, हे आणि हे आहे. मला यातलं हे बघायला स्वतःलाच नको वाटतं, हे चालेल असं वाटतं. मी कथा एकट्याने खेळेन, अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवेन. पंधरा दिवस खेळून बघतो, नंतर तुम्ही सांगा." बस. यात "सगळे खेळतात" कुठेही नाही. ते वाक्य आई-बाबांना "सगळ्यांच्या दबावाखाली आहे हा" असं ऐकू येतं. मित्रांबरोबर वेळ घालवता येत नाही याचं वाईट वाटत असेल तर ते तसंच सांग, तेच खरं कारण असतं; "मी एकटा पडतो" हे म्हणायला मुलांना लाज वाटते, पण आई-बाबांपर्यंत पोचतं ते हेच.

पालकांच्या हातातली कुलपं शत्रू समजू नकोस. एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, निन्टेंडो स्विच या सगळ्यांवर पालकांना वयाची मर्यादा आणि वेळ ठरवता येते. एक्सबॉक्सवर तर मर्यादा न उठवता एखाद्याच गेमला सूट देता येते. म्हणजे "मला सगळं उघडून द्या" म्हणायची गरजच नाही. "एवढ्या एकाला सूट द्या, नको वाटलं तर काढून घ्या" म्हणता येतं. सहज काढून घेता येणारी परवानगी देणं सोपं असतं. बाबांना ते सेटिंग सापडत नसेल तर शेजारी बसून लावून दे, पण पासवर्ड टाकताना तोंड फिरव.

आणि खोटी जन्मतारीख टाकून खातं उघडू नकोस. नैतिकतेचं बाजूला ठेव, साधा व्यवहार बघ: लहान वयाच्या खात्यावर चॅट, खरेदी, अनोळखी विनंत्या यांवर जी बंधनं आपोआप लागतात ती मोठ्या वयाच्या खात्यावर नसतात. काही बिनसलं तर मदत मागायलाही तोंड राहत नाही, कारण आधी खोटं कबूल करावं लागतं.

पालकही हे वाचत असतील, म्हणून माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका आईला मी ठणकावून सांगितलं होतं, "१८ म्हणजे १८, चर्चा नको." तिने चर्चा बंद केली. मुलगा तो गेम मित्राच्या घरी खेळत राहिला, आणि हेडफोनवर एका मोठ्या माणसाने त्याच्याशी जे बोलणं सुरू केलं होतं ते त्याने दोन महिने कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कसा? त्या गेमचं नावही घरात काढायची सोय नव्हती. नकार चुकीचा नव्हता, त्याला जोडलेलं "चर्चा नको" माझं होतं.

तुला उत्तर "नाही" मिळालं तर एकच विचार: "पुन्हा कधी विचारू?" सहा महिने म्हणाले तर तारीख लिहून ठेव आणि मध्ये एकदाही विषय काढू नकोस. अट काय पूर्ण करायची तेही विचारून घे. "मोठा झालास की" हे उत्तर नाही. नम्रपणे आकडा माग. मित्रांना सांगताना आई-बाबांना खलनायक करू नकोस, "सध्या नाही" एवढं पुरतं, आणि सगळ्यांना चालेल असा दुसरा एखादा गेम तूच सुचव.

"हो" मिळालं तर पहिल्या आठवड्यात त्यांना एकदा खेळायला बसव. आई पहिली दहा मिनिटं कॅमेरा भिंतीकडे वळवून उभी राहील आणि "माझा माणूस कुठला?" विचारत बसेल. हसू नकोस, आणि कंट्रोलर हातातून ओढून घेऊ नकोस.